चित्राची पाठ

हैदराबादेत कोठीत किंवा सुलतान बाजारात फ्रेमच्या कुठल्याही दुकानात जा, समोरच्या भिंतीवर पट्ट्यांचे कोपरे टांगलेले असतात. सोनेरी, काळे, सागवानी, शिसवी. गिऱ्हाईक त्या कोपऱ्यांपुढे अर्धा तास उभं राहतं. सोफ्याचा रंग, पडद्यांचा रंग, सुनेची आवड, सगळ्याचा खल होतो. मग माउंट पांढरा की क्रीम यावर थोडी घासाघीस. शेवटी दुकानदार विचारतो, "काच सादी होना या नॉन-रिफ्लेक्टिंग?" आणि मापं वहीत उतरवून घेतो. मागे काय लावणार हे तो सांगत नाही, आपणही विचारत नाही. चित्र पुढची तीस-चाळीस वर्षं कसं राहणार याचा निकाल मात्र बहुतेक वेळा तिथे, मागच्या बाजूला लागतो.

मागे सहसा हार्डबोर्ड असतो. स्वस्तात भागवायचं असेल तर साधा पुठ्ठा, आणि मोठ्या फ्रेमला प्लायवूड. तिन्ही लाकडापासून झालेले, आणि लाकडात लिग्निन नावाचा घटक असतो. हवा आणि उजेड लागला की त्याचं विघटन होऊन आम्लं तयार होतात. वर्तमानपत्र आठवड्याभरात पिवळं पडतं ते याच कारणाने. हार्डबोर्डातली आम्लं हळूहळू त्याला चिकटून असलेल्या कागदात उतरतात, कागदातला सेल्युलोजचा धागा तुटत जातो, आधी पिवळेपणा येतो, मग तपकिरीपणा, आणि शेवटी घडी घातली की कागद तुटतो. समोरून काच चकाचक पुसलेली असते, त्यामुळे घरातल्या कुणाला काही कळत नाही.

जुन्या घरातून आलेलं रविवर्म्याचं छापील चित्र कधी उघडून पाहिलंत तर ही गोष्ट डोळ्यांनी दिसते. रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि पुढे फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे त्याची मालकी आली. त्या छापखान्याच्या लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरी गेल्या, हैदराबाद संस्थानातल्या मराठी घरांतही. त्या काळी हार्डबोर्ड नव्हता, म्हणून पाठीला देवदारासारख्या हलक्या लाकडाच्या दोन-तीन फळ्या ठोकत. चित्र बाहेर काढून उलटं धरलं, की फळ्यांमधल्या फटी कागदावर सरळ तपकिरी रेघांनी उमटलेल्या असतात. लाकडात गाठ असेल तर तिचा गोल डागही. फटीतून धूळ आणि हवा आत गेली, गाठीतून राळ आणि आम्ल उतरलं, आणि शंभर वर्षांत लाकडाने स्वतःचं चित्र कागदाच्या पाठीवर काढलं. पुष्कळदा ते आरपार येऊन देवीच्या पदरावरही दिसतं.

यावरचा उपाय महाग नाही, फक्त मागून घ्यावा लागतो. चित्राला टेकणारा प्रत्येक थर आम्लविरहित हवा. म्हणजे पुढचा खिडकी कापलेला माउंट आणि मागचा अखंड माउंट, दोन्ही. संग्रहालयांसाठी असे बोर्ड निघतात. ते कापसाच्या धाग्याचे किंवा लिग्निन काढून टाकलेल्या लगद्याचे असतात आणि त्यांत थोडा कॅल्शियम कार्बोनेट घातलेला असतो, म्हणजे हवेतून येणारं आम्लही तो शोषून घेतो. हे दोन थर नीट असले तर त्यांच्या मागे, सर्वांत शेवटी, हार्डबोर्ड आला तरी चालतो. मधे पॉलिएस्टरची पातळ पारदर्शक फिल्म घातली तर उत्तम. दुकानदाराकडे आम्लविरहित बोर्ड नसेल तर तो सरळ "वैसा नक्को साब, यही अच्छा है" म्हणतो. अशा वेळी कलासाहित्याच्या दुकानातून बोर्ड स्वतः आणून द्यावा. माझ्या मते फ्रेमच्या खर्चातली सर्वांत वसूल होणारी रक्कम हीच. सोनेरी पट्टीवर वाचवावं, इथे वाचवू नये.

दुसरी चौकशी चिकटवण्याची. चित्र मागच्या बोर्डावर पूर्ण चिकटवून टाकणं ही दुकानांची आवडती पद्धत, कारण त्याने कागद ताठ दिसतो. बाजारात पुन्हा मिळणारं छापील पोस्टर असेल तर खुशाल चिकटवा. मूळ जलरंग, मुद्राचित्र, आजोबांनी काढलेलं पेन्सिलचं रेखाटन असेल तर कधीच नाही. पांढरा डिंक सुकला की पुन्हा पाण्यात धड विरघळत नाही, आणि सेलोटेपचा चिकट द्रव काही वर्षांत कागदात मुरून तपकिरी पारदर्शक पट्टा उठवतो. तो काढणं तज्ज्ञालाही अवघड जातं. बरोबर पद्धत अशी: चित्राच्या वरच्या कडेला मागून दोन छोट्या बिजागऱ्या, पातळ पण चिवट जपानी कागदाच्या, आणि त्या लावायला गव्हाच्या स्टार्चची खळ. चित्र त्या दोन बिजागऱ्यांवर लोंबकळतं, बाकी तिन्ही बाजूंनी मोकळं राहतं. पावसाळ्यात कागद फुगतो, उन्हाळ्यात आखडतो, त्याला हलायला जागा मिळते. चारी बाजूंनी चिकटवलेला कागद हलू शकत नाही, म्हणून त्याला लाटा येतात.

माउंटचं काम शोभेचं आहे असा समज आहे. शोभा होते हे खरं, पण खरं काम काच आणि चित्र यांच्यात अंतर ठेवण्याचं. रात्री भिंत थंड झाली की काचेच्या आतल्या बाजूला दव धरतं. चित्र काचेला टेकलेलं असेल तर तिथे बुरशी येते, किंवा रंगच काचेला चिकटतो आणि काच काढताना उखडून येतो. माउंटची दोन-तीन मिलिमीटर जाडी एवढं टाळायला पुरते. तंजावरी चित्राला जास्त अंतर लागतं, कारण त्यातलं सोन्याच्या वर्खाखालचं उठावाचं काम आणि खडे वर आलेले असतात. मराठ्यांच्या तंजावरात बहरलेली ही चित्रं मूळची लाकडी फळीवर ताणलेल्या कापडाची. फळी हवेप्रमाणे वाकते, तेव्हा फ्रेममध्ये तिला खिळ्यांनी आवळून टाकलं तर वर्खाला चिरा पडतात.

चेरियालच्या चित्रपट्ट्या हा आमच्याकडचा खास मामला. तेलंगणातल्या चेरियाल गावचे नक्काशी घराण्यातले चित्रकार जाडंभरडं कापड घेऊन त्यावर स्टार्च, पांढरी माती, डिंक आणि चिंचोक्याची खळ यांचे थर देतात आणि मग तांबडी जमीन रंगवून त्यावर कथा मांडतात. मूळच्या पट्ट्या कित्येक हात लांब असत. कथा सांगणारे त्या गुंडाळून गावोगाव नेत आणि एकेक प्रसंग उलगडत दाखवत. आता घरांच्या भिंतींसाठी एकेका प्रसंगाचे चौकोन मिळतात. चिंचोका आणि स्टार्च म्हणजे कसरीला आणि झुरळाला पंगत. म्हणून चेरियालचं चित्र नुसतं पट्टीत ठोकून उघडं टांगू नये. त्याला काच हवी, आणि मागची कड कागदी चिकटपट्टीने पूर्ण बंद हवी. पेटीवरची तपकिरी प्लास्टिकची टेप इथे कामाची नाही, तिची कड वर्षभरात सुटते.

आता फ्रेमची पाठ सोडून भिंतीकडे वळू, कारण चित्राच्या पाठीला शेवटी भिंतच असते.

जुन्या मराठी घरांत देवांच्या आणि वाडवडिलांच्या तसबिरी छताजवळ टांगलेल्या असत, वरून पुढे झुकवून. खालची कड भिंतीला टेकलेली, वरची चार-पाच बोटं पुढे. उंचावरचं चित्र खालून नीट दिसावं आणि दाराचा उजेड काचेवर चमकू नये हा त्यामागचा हेतू. पण त्या झुकण्याने आणखी एक काम होत होतं: मागे पाचरीसारखी पोकळी राहून हवा खेळत होती. चिमण्यांना ती जागा इतकी पसंत की आजोबांच्या तसबिरीमागे घरटं ही एका पिढीची ठरलेली आठवण. काड्या-कापसाचा पसारा रोज झाडावा लागे हे खरं, पण भिंतीची ओल मात्र तसबिरीला सहजासहजी लागत नसे. आज आपण फ्रेम भिंतीला सपाट चिकटवतो, दिसायला नीटनेटकी, आणि पहिल्या पावसाळ्यात मागे बुरशीचा चौकोन उमटतो. सोपा इलाज आहे. फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बुचाचे किंवा रबराचे छोटे तुकडे लावायचे. अर्धा सेंटिमीटर अंतर पुरतं.

हैदराबाद दख्खनच्या पठारावर, 500 मीटरहून जास्त उंचीवर आहे. मुंबईसारखी बारमाही दमट हवा इथे नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण कागदाला आणि लाकडाला सतत दमट हवेइतकाच त्रास चढउताराचा होतो. एप्रिल-मेच्या दुपारी इथली सापेक्ष आर्द्रता 30 टक्क्यांच्या आसपास येते, आणि जुलै-ऑगस्टच्या सकाळी ती 80 च्या वर असते. साधारण 65-70 टक्क्यांच्या वर बुरशी धरू लागते. कॅनव्हास उन्हाळ्यात ताणतो, पावसाळ्यात सैलावतो, आणि त्यावरचा जुना, ताठर झालेला तैलरंग ही कसरत फार वर्षं सोसत नाही, भेगाळतो. त्यामुळे पश्चिमेची तापणारी बाहेरची भिंत, पावसाचा मारा बसणारी भिंत आणि न्हाणीघराच्या मागची भिंत, या तिन्ही चित्रांसाठी वर्ज्य. घराच्या आतल्या दोन खोल्यांमधली भिंत सर्वांत चांगली. कूलरचा दमट झोत ज्या भिंतीवर जातो तीही सोडावी. उन्हाळ्यात हैदराबादी घरांतल्या चित्रांना आभाळातल्या पावसाआधी कूलरचा पाऊस लागतो.

पाठीकडून आलेल्या पाण्याचं कोठीतलं सर्वांत मोठं उदाहरण ज्या वास्तूवरून भागाला नाव मिळालं तिथेच आहे. जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक या ब्रिटिश रेसिडेंटने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधवलेली रेसिडेन्सी पुढे मुलींचं कॉलेज झाली. तिच्या भोवतीचा रेसिडेन्सी बाजार 1933 मध्ये निजामाकडे परत आला आणि सुलतान बाजार झाला.  रेसिडेन्सीच्या दरबार हॉलचं नक्षीदार छत कागदाच्या लगद्याचं आहे, रंगवलेलं. पाहुणे खालून मान वर करून नक्षी बघत राहिले, आणि हानी झाली ती वरून, गच्चीतून मुरणाऱ्या पाण्याने. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या मदतीने अलीकडे इमारतीचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा नक्षीला हात लावण्याआधी गच्ची सावरणं भाग होतं. घरच्या एका फ्रेमलाही हाच क्रम लागू आहे. भिंतीची गळती थांबल्याशिवाय फ्रेम बदलण्यावर पैसे घालू नयेत.

उजेडाचं गणित वेगळं. त्याचं नुकसान साठत जातं आणि परत भरून येत नाही. उजेड लक्समध्ये मोजतात. जलरंग, लघुचित्र, मुद्राचित्र, हाताने रंगवलेलं छायाचित्र यांच्यासाठी संग्रहालयं 50 लक्सची मर्यादा पाळतात, तैलरंगासाठी 150 ते 200. भर दुपारचं थेट ऊन 1 लाख लक्सच्या आसपास असतं. 50 लक्समध्ये रोज आठ तास, असं वर्षभर धरलं तर 1,46,000 लक्स-तास होतात. खिडकीशेजारच्या भिंतीवर दिवसा 1000 लक्स सहज मिळतात. तिथे तेवढीच मात्रा 18 दिवसांत पुरी होते. मोबाइलवरच्या लक्स मोजणाऱ्या ॲपवर अंदाजापुरता विसंबता येतं. भिंतीवर दोन-तीन वेळांना धरून पाहा, आपल्याला मंद वाटणारी खोलीही आकड्यांत केवढी उजळ असते ते कळेल. काचेला अतिनील किरण अडवणारा थर दिला तर नुकसान कमी होतं, थांबत नाही, कारण दिसणारा उजेडही रंग उडवतोच.

हे नवं शहाणपण नाही. जलरंगांवर उजेडाचा काय परिणाम होतो यावर इंग्लंडात रसेल आणि ॲबनी यांनी 1888 मध्ये सविस्तर अहवाल दिला होता. हेन्री व्हॉन या संग्राहकाच्या मृत्युपत्रानुसार इंग्रज चित्रकार टर्नरची जलरंगचित्रं 1900 मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रीय कलादालनाला मिळाली ती एका अटीवर: फक्त जानेवारीत दाखवायची, कारण तेव्हा तिथला उजेड सर्वांत क्षीण असतो. आजही ती चित्रं वर्षातला एकच महिना भिंतीवर येतात, आणि त्यांचे निळे रंग अजून निळे आहेत.

आपल्याकडे तर लघुचित्रं भिंतीसाठी नव्हतीच. विजापूर, गोवळकोंडा, अहमदनगर इथल्या दरबारांत ती पोथ्यांमध्ये आणि मुरक्क्यांमध्ये असत. मुरक्का म्हणजे चित्रं आणि सुलेखन एकत्र बांधलेला संग्रह. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाच्या काळची 'तारीफ-ए-हुसेनशाही' ही सचित्र पोथी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिची चित्रं साडेचारशे वर्षं टिकली यात ती मिटलेल्या पानांत होती याचा वाटा मोठा. चित्र हातात घ्यायचं, डोळ्यांजवळ धरायचं, पाहून झालं की पान मिटायचं. हिंगूळ, लाजवर्द असे खनिज रंग उजेडाला सहसा दाद देत नाहीत. नीळ आणि लाख मात्र फिके पडतात. जंगालाचा हिरवा रंग तर तांब्यापासून झालेला, तो कागदच जाळतो, आणि जळल्याची खूण आधी पानाच्या मागे दिसते. अशी पानं विकत घेऊन दिवाणखान्यात दिव्याच्या झोताखाली कायम टांगणारे लोक मी पाहिले आहेत. किंमत सांगताना त्यांचा आवाज चढतो, चित्राचा रंग उतरत असतो.

हैदराबादेत चित्रं कायम टांगून न ठेवण्याचा उत्तम धडा जगदीश मित्तल यांनी घालून दिला. झाशीत जन्मलेले, शांतिनिकेतनात शिकलेले हे चित्रकार (1925–2025) पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला इथे आले आणि इथलेच झाले. पत्नी कमला, त्याही चित्रकार. दोघांनी मिळून दख्खनी चित्रं, कापड, धातुकाम असा संग्रह जमवला आणि 1976 मध्ये तो संग्रहालय म्हणून लोकांच्या नावे केला. स्वतःच्या भिंती भरणं हा त्यांच्या संग्रहाचा हेतू नव्हता. मुसी नदीकाठी दुसरं टोक दिसतं. तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान यांनी आयुष्यभर घरात वस्तू जमवल्या, 1949 मध्ये ते वारले, आणि 16 डिसेंबर 1951 रोजी त्यांच्याच दिवाण देवडीत संग्रहालय उघडलं. 1968 मध्ये ते आजच्या इमारतीत आलं. सालारजंगांच्या संग्रहाचं वैभव वादातीत आहे. पण आपल्यासारख्या दोन-तीन खोल्यांच्या घरमालकाला शिकण्यासारखा संसार मित्तलांचा: थोडं बाहेर, बरंचसं पेटीत.

तेव्हा घरी वीस चित्रं असतील तर सात-आठ टांगावीत आणि दर चार-सहा महिन्यांनी फिरवावीत. एकाच मापाच्या चार-पाच फ्रेम करून घेतल्या आणि चित्रांचे माउंट बाहेरून त्या मापाचे ठेवले, तर चित्रं बदलता येतात, फ्रेम तीच राहते. पाठीचे खिळे ठोकून बसवण्याऐवजी वळवता येणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या लावायला सांगाव्यात. बाहेर न काढलेली चित्रं आडवी, चित्रागणिक आम्लविरहित कागद घालून, कपाटाच्या मधल्या खणात ठेवावीत. तळाच्या खणात नाही, तिथे ओल आणि वाळवी आधी पोचते. डांबरगोळ्या चित्रांच्या पेटीत नकोत.

टांगण्याच्या उंचीबाबत आपल्या घरांत एक खोड आहे. देव आणि वाडवडील उंचावर, या सवयीने सगळंच उंचावर जातं. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे 145 ते 150 सेंटिमीटरवर असावा असा कलादालनांचा प्रघात आहे, तो उभ्या माणसाच्या नजरेचा. दिवाणावर बसून बघायच्या खोलीत तो आणखी 15-20 सेंटिमीटर खाली आणायला हरकत नाही. भिंतीवर भोकं पाडण्याआधी वर्तमानपत्राचे फ्रेमच्या मापाचे तुकडे कापून भिंतीला लावून पाहावेत. दोन दिवस राहू द्यावेत. घरातले सगळे मत देतात, आणि बहुधा पहिली मांडणी रद्द होते.

वजनाचा हिशेबही मागच्याच बाजूचा. 3 मिलिमीटर जाडीची काच दर चौरस मीटरला साडेसात किलो भरते. 60 बाय 90 सेंटिमीटरच्या चित्राची नुसती काच 4 किलो. ही फ्रेम मागच्या एकाच तारेवर एका खिळ्याला टांगली आणि तार जवळजवळ आडवी, म्हणजे 10 अंशांच्या कोनात ताणली असेल, तर तारेच्या प्रत्येक बाजूवर वजनाच्या जवळपास तिप्पट ताण येतो. 30 अंशांचा कोन असेल तर ताण वजनाइतकाच. घट्ट ताणलेली तार मजबूत वाटते आणि तीच आधी तुटते, किंवा फ्रेमचे कोपरे उघडते. मोठ्या चित्राला तार नकोच. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर दोन कड्या स्क्रूने बसवाव्यात आणि भिंतीत दोन हूक. काचेऐवजी ॲक्रिलिक घेतलं तर वजन निम्म्यावर येतं, मात्र पेस्टल आणि कोळशाच्या चित्रांना ते चालत नाही, कारण त्याच्यावर साचणारी स्थिर वीज भुकटी ओढून घेते. सुलतान बाजारातल्या जुन्या घरांच्या चुन्याच्या गिलाव्यात नुसता खिळा धरत नाही, भुगा होऊन गळतो. तिथे आतल्या दगडापर्यंत किंवा विटेपर्यंत जाणारं छिद्र आणि प्लग हवा. छिद्र पाडणाऱ्याला घाई असते, आपल्याला नसावी.

तैलचित्राला काच सहसा लावत नाहीत, पण पाठ तिथेही मोकळी सोडू नये. कॅनव्हासच्या मागे लाकडी चौकटीवर हलका बोर्ड स्क्रूने बसवला, तर धूळ, पाल आणि घर बदलताना खुर्चीच्या पायाचा धक्का, तिन्हींपासून बचाव होतो. समोरून बटाटा किंवा कांदा चोळून चित्र स्वच्छ करण्याचे घरगुती नुस्खे अजून फिरतात. स्टार्च आणि ओलावा रंगाच्या भेगांत जाऊन बसण्यापलीकडे त्यांनी काही साधत नाही. कोरडा मऊ कुंचला, तोही रंग सुटत नसेल तरच.

फ्रेम तयार होऊन घरी आली की टांगण्याआधी पाठीवर एक चिठ्ठी लावावी. चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव असल्यास ते, साल, माध्यम, कुणाकडून आणि कधी घेतलं किंवा कुणी दिलं, फ्रेम कधी केली. आम्लविरहित कागदावर, मऊ पेन्सिलीने, कारण बॉलपेनची शाई पसरते. चिठ्ठी बाहेरच्या बोर्डावर, चित्राच्या कागदावर कधीच नाही. जुन्या फ्रेमच्या पाठीवर आधीच्या दुकानाचा शिक्का, प्रदर्शनाचं लेबल किंवा आजीच्या अक्षरातली ओळ असेल, तर नवी फ्रेम करताना तो तुकडा कापून नव्या पाठीवरच्या पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवायला सांगावं. सांगितलं नाही तर दुकानदार तो जुन्या हार्डबोर्डासकट टाकून देतो.